रात्रभर लाइनवर लावूनही मोटरहोमची बॅटरी सकाळी रिकामी: आमच्या गाडीतला दोष कसा सापडला

गुहागरला एका होमस्टेच्या अंगणात रात्री नऊला मोटरहोम, म्हणजे आमची राहायची सोय असलेली गाडी, लाइनवर लावली, म्हणजे वायरने त्या घराच्या विजेला जोडली. बॅटरी ६१ टक्के होती. सकाळी सहाला उठून पाहतो तर ३४. रात्रभर वायर जोडलेली, एसी चालू, दिवे चालू, कुठे काही बंद पडलं नाही, आणि तरीही गाडी उपाशीच. मालक काका चहा घेऊन आले, मीटरकडे बघून म्हणाले, "अहो, आमचा फ्रीज चालतो, मिक्सर चालतो, तुमचीच गाडी कशी रुसते?"

त्याआधी दापोली आणि तारकर्लीलाही हेच झालं होतं. दोन्ही वेळा मी मनातल्या मनात गावच्या लाइनला दोष देऊन मोकळा झालो. घरी पुण्यात पार्किंगमधल्या सॉकेटवर लावली की गाडी सकाळी शंभर टक्के, म्हणजे दोष गाडीत नाहीच, असं माझं साधं गणित. ते निम्मं चूक निघालं. ज्यांची गाडी घरी चार्ज होते आणि बाहेर होत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

मुळात गाडीला अशी बाहेरून वीज घेण्याला शोअर पॉवर म्हणतात ते बोटींमुळे. धक्क्याला लागलेल्या बोटीला किनाऱ्यावरून वीज देतात, तीच पद्धत गाड्यांत आली. आपल्याकडे सगळे 'बाहेरची लाइन' म्हणतात. माझी पत्नी 'धक्क्याची वीज' म्हणते आणि तिला दोन्ही अर्थ अभिप्रेत असतात; दुसऱ्या अर्थाकडे पुढे येतोच.

आमच्या गाडीत १२ व्होल्टची ३०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर-चार्जर एकत्र असलेलं युनिट आहे. बाहेरची वीज आली की ते ती एसी आणि प्लग पॉइंटला देतं आणि उरलेल्या विजेत बॅटरी चार्ज करतं. बाहेरची वीज गेली किंवा त्याच्या पसंतीस उतरली नाही, की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत बॅटरीवर येतं. सोय म्हणून हे उत्तम, पण दोष शोधायला निघालात की हीच सोय शत्रू. दिवा लुकलुकतही नाही, त्यामुळे आपण आता बॅटरी खातो आहोत हे कोणाला कळतच नाही. माझ्या युनिटची मर्यादा १८७ ते २६५ व्होल्ट. १८७ च्या खाली गेलं की ते बाहेरची लाइन सोडतं. तुमच्या युनिटचा आकडा पुस्तिकेत बघून दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. बाकी सगळी मोजणी त्या आकड्याशीच ताडून बघायची आहे.

त्या सकाळी काकांनी शेजारच्या वाडीतल्या वायरमनला बोलावलं. मी मल्टिमीटर काढून बोर्डावर २२६ व्होल्ट दाखवले आणि म्हटलं, "बघा, लाइन तर चांगली आहे." तो हसला. म्हणाला, "साहेब, गाडी बंद असताना मोजलंत. आता एसी आणि चार्जर दोन्ही चालू करा आणि मग मोजा."

सगळी गोम तिथेच होती. रिकाम्या लाइनवर मोजलेलं व्होल्टेज काहीच सांगत नाही. सैल स्क्रू, अर्धवट तुटलेली तार, कळकलेली पिन, यांतून मल्टिमीटरला लागतो तेवढा सुईच्या टोकाइतका करंट सहज जातो आणि आकडा सुरेख दिसतो. दहा अँपिअर ओढायला लागलं की खरं रूप बाहेर येतं. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, पूर्ण तुटलेली असली तरी डिजिटल मीटर शेजारच्या तारेच्या प्रभावाने शंभर-दीडशे व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून जुने वायरमन खिशात होल्डरला बल्ब लावून फिरतात. बल्ब खोटं बोलत नाही. नुसत्या टेस्टरवर तर अजिबात जाऊ नका: टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, आहे की नाही ते त्याला कळत नाही.

मग आम्ही एसी आणि चार्जर दोन्ही लावले. मिळून साधारण १० अँपिअर. पहिल्यांदा सगळं ठीक. वायरमन म्हणाला, "थांबा, तापू दे." चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी टप्प्याटप्प्याने मोजलं. काकांच्या बोर्डावर २२६ चे २०३ झाले होते. माझ्या ३० मीटरच्या वायरच्या गाडीकडच्या टोकाला १९५. गाडीच्या आत, युनिटच्या पडद्यावर १८९. मर्यादेच्या फक्त दोन व्होल्ट वर. तेवढ्यात पलीकडच्या नारळाच्या बागेतला पंप सुरू झाला, आणि टक्! युनिटने लाइन सोडली. सोडली की लोड गेला, व्होल्टेज परत वर आलं, काही सेकंदांनी युनिटने लाइन पुन्हा धरली, पुन्हा सोडली. रात्रभर हा खेळ चालला होता आणि आम्ही घोरत होतो.

आता हिशेब बघा. बोर्डावरचे २३ व्होल्ट गेले ते गावच्या लांब लाइनमुळे आणि घरातल्या वायरिंगमुळे. त्यात माझं काही चालत नाही. वायरमध्ये ८ व्होल्ट गेले, ते माझे: मी दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर वापरत होतो, तीही ३० मीटर. जायची तीस आणि यायची तीस अशी साठ मीटर तांब्याची तार, जवळपास पाऊण ओहम रोध, म्हणजे दहा अँपिअरला सात-आठ व्होल्ट जाणारच. आणि शेवटचे ६ व्होल्ट? वायरचं टोक आणि युनिट यांच्यामध्ये गाडीतली तार जेमतेम दोन मीटर आहे. तिथे एक व्होल्टसुद्धा जायला नको.

वायरमनने माझ्या बोर्डातल्या टॉपला, म्हणजे वायरच्या प्लगला, हात लावला, मग गाडीच्या बाजूला बसवलेल्या निळ्या इनलेटला, जिथे बाहेरची वायर गाडीला जोडतात. "टॉप गार आहे. ही तुमची डबी भाजतेय."

६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे ६० वॉट. जुना साठचा पिवळा बल्ब आठवा, त्याला हात लावता यायचा नाही. तेवढी उष्णता माझ्या गाडीच्या पत्र्यामागे, फोमच्या इन्सुलेशनला चिकटून, एका मुठीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत तयार होत होती. बॅटरी रिकामी राहिली हे नशीबच म्हणायचं. गाडी पेटलीही असती.

इनलेट उघडलं. (उघडण्याआधी: भिंतीतला टॉप काढा, गाडीकडचं टोक काढा, आणि इन्व्हर्टर मुख्य बटणावरून बंद करा. टॉप काढला म्हणजे गाडीत २३० व्होल्ट नाहीत असं नाही, इन्व्हर्टर ते बॅटरीतून स्वतः बनवतो. मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. हे जमणार नसेल तर वायरमनलाच करू द्या, त्यात कमीपणा नाही.) आत न्यूट्रलच्या स्क्रूखालची तार काळी पडली होती, तिच्यावरचं निळं आवरण तपकिरी होऊन कुरकुरीत झालं होतं आणि स्क्रू बोटाने फिरत होता. गाडी बांधणाऱ्याने बारीक तारांची लवचिक वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबली होती. घाटातल्या खड्ड्यांनी दोन वर्षांत ती सैल केली. सैल झाली म्हणून तापली, तापली म्हणून ऑक्साइडचा थर चढला, थर चढला म्हणून आणखी तापली.

चाळीस मिनिटांचं कोडंही तिथेच सुटलं. थंड असताना तो जोड दोनेक व्होल्ट खात होता, तापला की सहा. आणि पुण्यात हे कधी दिसलं नाही, कारण तिथे लोड लावूनही बोर्डावर २२८ असतात. त्यातून वायर आणि इनलेटचे चौदा व्होल्ट वजा केले तरी २१४ उरतात. जोड घरीही तापतच होता, फक्त युनिटला तक्रार करायचं कारण नव्हतं.

काळं पडलेलं टोक कापून टाकलं. वायरच्या टोकांना तांब्याच्या नळीसारख्या टोप्या असतात, त्यांना दुकानात पिन लग म्हणून मागायचं, त्या क्रिंपिंगच्या पकडीने दाबून बसवल्या. इनलेट नवं घेतलं, कारण एकदा तापून रंग उडालेल्या पितळेची पकड परत येत नाही. पॉलिश पेपर मारून तेच बसवायचा मोह टाळावा. दीडची वायर काढून अडीचची २० मीटर घेतली. ती वापरताना सगळी उलगडून ठेवायची. रिळावर गुंडाळलेली वायर दहा अँपिअरला आतल्या आत भाजते.

चौथी गोष्ट फुकटची होती आणि तिनेच सगळ्यात जास्त फरक पडला. युनिटमध्ये बाहेरून किती करंट घ्यायचा याची मर्यादा ठरवता येते. बहुतेकांच्या गाडीत ती कारखान्यातून आली तशीच असते. मी गावात गेलो की ६ अँपिअरवर आणतो. तेवढ्यावर एसी चालतो आणि चार्जरला थोडं कमी मिळतं, पण रात्र मोठी असते. त्याच बोर्डावर ६ अँपिअरला २३ ऐवजी १४ व्होल्टच पडतात. ओढच कमी केली की गावची लाइनही चांगली वागते. इंडक्शन किंवा गिझर अशा वेळी लावू नये, हे वेगळं सांगायला नको. दोन्हीतलं कोणतंही एकटंच दीड-दोन हजार वॉट घेतं.

सोळा अँपिअरचा सॉकेट दिसला म्हणजे मागे सोळाची वायर आहे असं समजू नका. जुन्या घरांत कोणीतरी इस्त्रीसाठी मोठा सॉकेट बसवून घेतलेला असतो आणि भिंतीत मात्र एकची वायर असते. अर्ध्या तासाने बोर्डाच्या फळीला उलटा हात लावून बघा. कोमट असेल तर करंट आणखी खाली आणा, गरम असेल तर दुसरा सॉकेट मागा. सोळाचा टॉप सहाच्या सॉकेटात बसवणारे ते छोटे अडॉप्टर तर गाडीत ठेवूच नका. माझ्याकडचा एक वितळून टॉपला चिकटला, तो हातोडीने फोडून काढावा लागला. आणि जाड वायरचं वजन टॉपवर लोंबकळू देऊ नका, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधा. निम्म्या वेळा सॉकेटची पकड वायरच्या ओझ्याने ढिली झालेली असते. किनाऱ्यावर खारी हवा पिना कळकवते. हिरवट थर दिसला की पुसून मगच लावा.

हा झाला चार्जिंग बंद पडण्याचा भाग. दुसरी नेहमीची तक्रार याच्या उलट असते: टॉप लावला रे लावला की घराचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारं बटण, पडतं, सगळं घर अंधारात, आणि मालकीणबाई बाहेर येऊन विचारतात की तुम्ही नक्की काय केलंत.

इथे आधी एक फरक लक्षात घ्यावा. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी असतं ते बटण, पडलं तर करंट जास्त झाला किंवा शॉर्ट आहे. आरसीसीबी पडलं तर फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, कुठेतरी अर्थकडे वळला. घरातल्या आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरची तफावत पुरते. बहुतेक लोक गाडीतले सगळे एमसीबी पाडतात, पुन्हा लावतात, तरी घराचं पडतं, आणि मग घरमालकाच्या आरसीसीबीवर खापर फोडतात. पण गाडीतले एमसीबी जर एकेरी असतील तर ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल तसंच जोडलेलं राहतं. गाडीत कुठेही न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना शिवत असतील तर सगळे एमसीबी पडलेले असूनही घरातला इतर लोड चालू असताना त्याचा थोडा करंट तुमच्या गाडीच्या अर्थमधून परत जातो आणि आरसीसीबी पडतं.

हे शिवतात कुठे? सगळ्यात जास्त वेळा इन्व्हर्टरमध्ये. इन्व्हर्टर स्वतः वीज बनवत असताना न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असणं योग्यच आहे. चांगलं युनिट बाहेरची लाइन घेताना हा जोड आतल्या रिलेने आपोआप सोडतं. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये किंवा गाडी बांधताना कोणी हाताने टाकलेल्या लूपमध्ये तो कायमचा राहतो. तपासणी सोपी आहे: गाडी सगळीकडून सोडवा, इन्व्हर्टर बंद करा, मुख्य स्विच आणि एमसीबी वर ठेवा आणि वायरच्या टॉपवर न्यूट्रलची पिन आणि मोठी अर्थची पिन यांच्यात मल्टिमीटर बीपच्या खुणेवर (कंटिन्युइटीवर) ठेवून लावा. बीप वाजली तर लूप आहे. कुठे आहे ते पाहायला एकेक उपकरण सोडवत जा. माझ्या पाहण्यात दुसरा गुन्हेगार गिझर असतो. त्याच्या कॉइलचं आवरण चिरलं की पाणी आत जातं आणि गळती होते. पावसाळ्यात तिसरा: अंगणात ओल्या गवतावर पडलेला दोन वायरींचा जोड. तो प्लास्टिकच्या क्रेटमध्ये वर उचलून ठेवा, आणि गाडीत शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, इनलेटमध्ये उतरणार नाही.

गाडीत मुख्य स्विच दोन्ही तारा तोडणारा, डबल पोलचा, आणि त्याच्याशेजारी स्वतःचं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी असलंच पाहिजे. बजेट संपलं म्हणून हे सोडून देणारे आणि टीव्ही मात्र मोठा घेणारे मी पाहिले आहेत.

आता धक्क्याचा दुसरा अर्थ. अनवाणी पायांनी ओल्या अंगणात उभं राहून गाडीच्या दाराला हात लावला आणि मुंग्या आल्या, तर तिथेच थांबा. याला 'थोडी अर्थिंग येते' म्हणून हसून सोडू नका. मागून अर्थच येत नाहीये, म्हणून हे होतं. गाडी रबराच्या टायरवर उभी असते, जमिनीपासून तुटलेली. चार्जर, टीव्ही, लॅपटॉप यांच्या फिल्टरमधून अगदी बारीक गळती बॉडीवर येत राहते. अर्थ असेल तर ती निघून जाते. नसेल तर सगळा पत्रा ११०-११५ व्होल्टवर तरंगतो. एवढ्याने बहुधा फक्त मुंग्या येतात. पण त्याच गाडीत उद्या एखादी फेज बॉडीला टेकली तर पत्रा २३० वर जाईल, एमसीबी पडणार नाही, आणि खाली उतरणाऱ्या माणसाचा एक हात दारावर आणि एक पाय चिखलात असेल.

म्हणून टॉप लावण्याआधी सॉकेटवर तीन मोजण्या. फेज-न्यूट्रल साधारण २३०. फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-तीन. फेज-अर्थ ऐंशी-शंभर असे काहीतरी अधांतरी आले तर अर्थची तार नाहीच. तिथेही बल्ब लावून पाहता येतो: फेज आणि अर्थमध्ये तो नीट पेटला पाहिजे. (चालू आरसीसीबी असेल तर ते पडेल, म्हणजे अर्थ आहे आणि आरसीसीबीही जिवंत आहे, दोन्ही कळलं. घरातल्यांना आधी सांगून करा.) फेज उजवीकडे आहे ना तेही बघा, अर्थचं मोठं भोक वर धरून. उलट असेल तर गाडी चालेल, पण तुमचे एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत बसतील आणि 'बंद' उपकरणात फेज जिवंत राहील.

न्यूट्रल-अर्थ अगदी नेमकं शून्य आलं तरी लगेच खूश होऊ नका. काही जुन्या बोर्डांत अर्थच्या पिनला मागून न्यूट्रलचाच तुकडा जोडलेला असतो. एरवी सगळं ठीक चालतं, पण मागचं न्यूट्रल तुटलं की तुमच्या उपकरणांतून आलेली फेज सरळ गाडीच्या पत्र्यावर. शंका आली तर फळी उघडून बघू द्यायची विनंती करा, नाहीतर लावू नका.

अर्थ नसेल तेव्हा टेंटची खुंटी ठोकून तिला तार बांधणं हा उपाय नाही. कोकणात उन्हाळ्यात कोरड्या जांभ्यात ठोकलेली छोटी सळई २०० ओहम दाखवली तरी नवल नाही. २३० भागिले २०० म्हणजे सव्वा अँपिअरसुद्धा नाही. तेवढ्याने सोळाचं एमसीबी जन्मात पडणार नाही. अशा जागी मी सरळ लाइन घेत नाही. छतावरच्या सोलरवर भागवतो, एसी बंद, खिडक्या उघड्या.

इनलेटनंतर, युनिटच्या आधी, गाडीत व्होल्टेज फार कमी-जास्त झालं की लाइन तोडणारं एक छोटं उपकरण बसवलं आहे, डीआयएन पट्टीवर (एमसीबी ज्या पट्टीवर बसवतात तिच्यावर) बसणारं. थ्री-फेज घरात न्यूट्रल तुटलं तर सिंगल फेजच्या सॉकेटवर तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा चार्जर, एसी, सगळं एकदम जातं. ते १९० ला तोडायचं असं लावलं आहे, म्हणजे युनिटच्या १८७ आधीच ते लाइन सोडतं आणि पाच मिनिटं थांबून जोडतं. कंप्रेसरसाठी ते बरं. शिवाय समोर लाल दिवा लागतो, त्यामुळे लाइन गेली हे झोपेतसुद्धा दिसतं.

जोडायचा क्रमही आता ठरला आहे. गाडीचा मुख्य स्विच बंद, आधी वायर गाडीला, मग भिंतीला, मग भिंतीचं बटण, शेवटी गाडीचा स्विच. सोडताना उलट. चालू लोडवर टॉप उपटला की पिनेवर ठिणगी पडून खड्डा होतो आणि तिथून पुन्हा तीच काळी पडायची गोष्ट सुरू होते.

दिवाळीनंतर त्याच अंगणात पुन्हा गेलो. मर्यादा ६ अँपिअर, एसी चालू. तासाभराने इनलेटवर हात ठेवला, गार. वायरच्या गाडीकडच्या टोकाला आणि युनिटवर अर्ध्या व्होल्टचाही फरक नाही. पंप सुरू झाला, पडद्यावर २०९ चे २०६ झाले, बस. सकाळी ९७ टक्के. काकांना साडेसात युनिटचे पैसे देऊ केले तर घेईनात. म्हणाले, "ते राहू द्या, तेवढं आमच्या बोर्डाला अर्थ येतो का ते मोजा." मोजलं. फेज-अर्थ २२४, बल्ब लख्ख. फक्त मागच्या पडवीतल्या, वॉशिंग मशीनच्या सॉकेटला अर्थ नव्हता, आणि वहिनी म्हणाल्या की मशीनला हात लावला की मुंग्या येतात हे त्या दोन वर्षं सांगत होत्या.